हवं तेच उत्तर देणारा प्रश्न

आजारी माणसाच्या घरात प्रश्न फार असतात आणि ते विचारायला जागा नसते. दवाखान्याबाहेर रांग, आत गेलं की डॉक्टरांची चार वाक्यं, आणि आपला प्रश्न ओठांवर येईपर्यंत पुढचा पेशंट दारात उभा. हे तुम्हीआम्ही सगळ्यांनीच भोगलेलं आहे.

चौकातल्या चष्म्याच्या दुकानदारावर हीच वेळ आली होती. त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, चिमणीला, मूत्रपिंडाचा आजार जडला. वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. आजार आटोक्यात होता, पण गोळ्यांनी चेहरा सुजून फुगला होता. वर्गातली पोरं हसायला लागली तसं तिने कॉलेज सोडलं, मग आरशात बघणंही सोडलं. पोरीकडे बघून बापाचा जीव तीळतीळ तुटायचा.

अशात त्यांना एक संकेतस्थळ सापडलं. जगभरातले वैद्यकीय शोधनिबंध तिथे होते आणि ते धुंडाळायला डॉक्टरी शब्द लागत नव्हते. माणसाशी बोलावं तसा प्रश्न टाईप करायचा, की त्याच्याशी जुळणारे निबंध सारांशासकट समोर हजर! बिचाऱ्याला वाटलं, आता देवच भेटला.

त्यांनी विचारलं, ‘स्टेरॉइड न घेता वनस्पतीच्या अर्काने हा आजार बरा होतो, हे सिद्ध झालंय ना?’

निबंध आले. ‘लक्षणीय सुधारणा’ हे शब्द वाचून त्यांचे डोळे भरून आले. पुढचं कोण वाचतो? अर्काची बाटली आणली आणि गोळ्या एकदम बंद केल्या. गोळ्या रोज सकाळी तेच देत असत, त्यामुळे बायकोला पत्ता लागला नाही. चिमणी मात्र हरखली. “आता माझा चेहरा पहिल्यासारखा होईल ना, बाबा?” म्हणाली, आणि आईला न सांगायचंही तिने कबूल केलं.

पण थोड्याच दिवसांत पोर मलूल झाली. जेवण जाईना, उठलं की चक्कर, खाल्लेलं पोटात ठरेना. त्यांनी पुन्हा प्रश्न टाईप केला, ‘जुनं औषध शरीरातून बाहेर पडताना असा अशक्तपणा येणं हे चांगलंच लक्षण आहे ना?’ यालाही कुठलासा निबंध जुळलाच! ते दर तासाला तिच्या उशाशी जात. “बरं वाटतंय ना गं?” ती मान हलवायची. त्या मान हलवण्यावर त्यांनी दोन दिवस काढले.

शेवटी त्यांची थोरली बहीण आली. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात डॉक्टरांना निबंध शोधून देण्यात तिचा जन्म गेला होता. तिने भाचीच्या कपाळावर हात ठेवला, ओला कपडा घेऊन बसलेल्या तिच्या आईकडे पाहिलं, आणि बाहेर येऊन भावाच्या लॅपटॉपवरचे प्रश्न वाचले.

“हे तू विचारलंस?”

“हो, ताई. सगळं पुराव्यानिशी आहे. वाच की!”

“वाचलं. हा प्रयोग उंदरांवरचा आहे. तुझी लेक उंदीर आहे का? आणि हे प्रश्न आहेत होय रे? ही तर होकाराची भीक आहे.”

“ताई, बापाचं काळीज आहे माझं!”

“म्हणून तर ओरडतेय! मला सांग, दुकानात डोळे तपासताना गिऱ्हाइकाला ‘आता छान दिसतंय ना?’ असं विचारतोस?”

ते चमकले. “छे! तसं विचारलं तर माणूस भिडेखातर हो म्हणतो. चुकीचा नंबर घेऊन जातो. आम्ही ‘हे बरं की ते बरं’ असं विचारतो. मधूनच तीच काच परत लावून उत्तर बदलतं का ते बघतो.”

“मग परक्याच्या डोळ्यांसाठी एवढी काळजी आणि पोटच्या पोरीसाठी ‘सिद्ध झालंय ना’? अरे, ही सोय वाईट नाही. सामान्य माणसाला ज्ञानाचं दार उघडून दिलंय तिने. पण तू जे विचारशील त्याच्याशी जुळणारं ती काढून देणार. ज्या उत्तराची भीती वाटते, तो प्रश्न आधी विचारायचा असतो.”

तिने स्वतः टाईप केलं, ‘दीर्घकाळ चालू असलेलं स्टेरॉइड अचानक थांबवल्यास रुग्णाला काय होतं?’

उत्तरं आली. उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणं, जिवाला धोका. आणि हे उंदरांवरचं नव्हतं, माणसांवरचं होतं!

तेवढ्यात आतून बायकोची किंकाळी आली. “अहो, ही डोळे उघडत नाहीये!”

ताईने गाडी काढली. हॉस्पिटलच्या दारात दोघांना पोरीसह उतरवून ती गाडी लावायला गेली. आत तरुण डॉक्टरांनी नाडी पाहिली, जुने कागद चाळले आणि घाईघाईने विचारलं, “गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?”

“हो, हो!” आई रडत म्हणाली. “हेच देतात रोज, स्वतःच्या हाताने.”

डॉक्टरांनी कागदावर बरोबरची खूण केली आणि दुसऱ्याच कारणांच्या तपासण्या सांगायला सुरुवात केली.

गप्प बसणं किती सोपं होतं! बायकोच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. पण समोर चिमणीचे ओठ पांढरेफटक पडले होते.

“नाही!” ते ओरडले. “डॉक्टर, ते खोडा! गोळ्या मी बंद केल्यात. एकदम. हिला माहीत नाही.”

बायको भिंतीला टेकली. डॉक्टरांनी लगेच सिस्टरला स्टेरॉइडचं इंजेक्शन आणायला पिटाळलं.

संध्याकाळी रक्तदाब वर आला. चिमणी वाचली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा दुकानदार हात जोडून उभे राहिले. चार शिव्या खायची त्यांची तयारी होती.

“तुम्ही चुकलातच,” डॉक्टर म्हणाले. “पण मीही ‘चालू आहेत ना’ म्हणूनच विचारलं. तुम्ही गप्प बसला असतात, तर मी चुकीच्याच दिशेने गेलो असतो.”

बायको त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही. बरेच दिवस बोलली नाही. आजार अजून होता, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि चेहरा सुजलेलाच राहणार होता. ते लेकीच्या खाटेशी जाऊन बसले. ‘बरं वाटतंय ना’ हे शब्द सवयीने जिभेवर आले होते, ते त्यांनी गिळले.

“तुला काय होतंय, चिमणे?”

तिने तोंड फिरवलं आणि हुंदके देऊन रडू लागली. “मला मरायची भीती वाटते, बाबा. तुम्ही कधी विचारलंच नाहीत!”

वाचकहो, प्रश्न कोणालाही विचारा, यंत्राला, डॉक्टरला किंवा आपल्या लेकराला. पण उत्तर ‘नाही’ असं आलं तरी ते ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच विचारा!