कढईची जागा

थोरलीने शेगडीवरची रिकामी कढई सांडशीने उचलली आणि पांढऱ्याशुभ्र दगडाच्या तुकड्यावर टेकवली. चर्र झालं. जळक्या बटणासारखा वास स्वयंपाकघरभर पसरला.

"बघा ताई," दगडवाला म्हणाला. "मी आधीच बोललो होतो. हा कारखान्यातला माल, चुरा आणि राळ. मिरवायला झकास, पण तापलेलं भांडं सोसत नाही."

थोरलीने कढई पुन्हा जाळावर ठेवली. पांढऱ्या तुकड्यावर पिवळट चंद्रकोर उमटली होती. ती तिने बोटाने चाचपली आणि मग तिची नजर जुन्या ओट्याकडे गेली. जुना ओटा लाकडी होता, वर फिकट सनमायका. त्यावर शेगडीच्या डाव्या अंगाला अशाच चंद्रकोरी होत्या, एकीवर एक चढलेल्या, आणि सगळ्यांत ताजी चांगली काळीकुट्ट, फुगून वर आलेली.

ती ताजी चंद्रकोर म्हणजेच आजच्या खटल्याचं मूळ. शेजारणीने फोन करून थोरलीला सांगितलं होतं, तुमच्या आईच्या खिडकीतून धूर येत होता. थोरली धावत आली आणि आल्या आल्या तिने निकाल ऐकवला. आईला विसर पडत असेल तर आई-अण्णा दोघांनी माझ्याकडे यायचं. तिथे स्वयंपाकाला बाई आहे. आईने नुसतं बसायचं.

नुसतं बसायचं, हे ऐकून आईने हातातलं फडकं पिळलं होतं. ते कोरडं होतं.

"अगं, ती कढई मी ठेवली," अण्णा तेव्हा लगेच म्हणाले होते. आणि एकदा बोलल्यावर गप्प बसतील तर ते अण्णा कसले? त्यांच्या छत्रीत एकदा घार अडकली आणि ते रहदारीच्या डोक्यावरून पलीकडच्या फुटपाथवर अलगद उतरले, हे अख्ख्या गल्लीला पाठ होतं. प्रत्येक वेळी रस्ता जरा रुंद व्हायचा. मग ओट्यावरच्या डागांची काय कथा? हा डाग विजेचा, खिडकीतून आली आणि पाणी पिऊन गेली. तो डाग, अण्णांनी कढई ठेवली आणि तेवढ्यात खाली कुणीतरी हाक मारली. हा ताजा, तोही अण्णांचाच. सगळे अण्णांचेच.

थोरली हसली नव्हती. पण अण्णांना खोटंही पाडलं नव्हतं. मधला मार्ग म्हणून तिने दगडवाल्याला बोलावलं. आधी टिकाऊ ओटा ठरवू, मग बाकीचं बघू. बाकीचं म्हणजे काय, ते तिघांनाही ठाऊक होतं.

"हा संगमरवर," दगडवाल्याने दुसरा तुकडा पुढे सरकवला. "याचं उष्णतेशी फारसं वाकडं नाही. पण लिंबू पिळा आणि बघा."

थोरलीने लिंबू पिळलं. सगळे त्या थेंबाकडे बघत बसले, जणू तो आता काहीतरी बोलणार होता. तिने पुसलं तेव्हा त्या जागेची चकाकी उडाली होती.

"नाजूक आहे मेला," आई म्हणाली. मग दगडवाल्याकडे वळली. "तुम्ही चहा घेणार ना?"

दगडवाल्याच्या हातात अर्धा प्यालेला कप होता. त्याने कपाकडे पाहिलं, मग आईकडे. थोरलीचा लिंबू धरलेला हात तसाच थांबला.

"दुसरा कप म्हणतेय ती," अण्णा घाईने म्हणाले. "आमच्याकडे पहिला कप पाहुण्याला आणि दुसरा घरच्या माणसाला. तुमची आत्ताच बढती झाली."

"नको काकू, पुरे," दगडवाला म्हणाला.

"अण्णा," थोरली म्हणाली, "तुम्ही जरा तिच्या वाटचं बोलणं बंद करता का?"

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला. आधीपेक्षा तो मळकट झाला होता.

दगडवाल्याने शेवटचा तुकडा काढला. चांगला लांबरुंद, काळा ग्रॅनाइट, आत बारीक राखाडी ठिपके. हा त्याने शेगडीच्या उजवीकडे ओट्यावर ठेवला, कारण तिथे जागा मोकळी होती. "हा कशालाच दाद देत नाही. तापलेली कढई ठेवा, लिंबू ओता, पोरं नाचवा."

"अण्णा, तुम्ही ठेवा," थोरली म्हणाली.

"मी?"

"रोज तुम्हीच ठेवता ना? ठेवा तशी."

अण्णा पुढे झाले. सांडशी उजव्या हातात घेतली. पहिल्यांदा ती नुसतीच मिटली, कढईचा काठ सापडलाच नाही. दुसऱ्यांदा सापडला. कढई डुगडुगत उचलली गेली आणि ग्रॅनाइटच्या मधोमध टेकली. दगडाने हूं की चूं केलं नाही.

थोरली दगडाकडे बघतच नव्हती. ती अण्णांच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"अहो, तिथे नाही," आई कधी पुढे आली ते कुणालाच कळलं नाही. "तिथे काय, मी भाजी चिरते तिथे." तिने अण्णांच्या हातातून सांडशी काढून घेतली, डाव्या हाताने अचूक काठ पकडला आणि कढई शेगडीवरून पलीकडे नेऊन जुन्या ओट्यावर ठेवली. बरोबर त्या चंद्रकोरींवर. झाकण बसावं तशी कढई बसली.

"हां," आई म्हणाली, आणि उजवीकडची जागा पुसू लागली.

सनमायका बारीकसा करकरला. अण्णांनी तोंड उघडलं. घार, वीज, हाक मारणारं माणूस, कुणीच मदतीला आलं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि थोरलीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्याने आपली थाप पकडू नये, अशी विनवणी त्यांच्या डोळ्यांत होती.

थोरली बराच वेळ त्या डाव्या हाताकडे बघत राहिली. पुसताना तो कोपऱ्याकोपऱ्यात जात होता, एक शिंतोडा सोडत नव्हता.

"हा काळा घेऊ," ती शेवटी म्हणाली. "मापं घ्या. शेगडीच्या डावीकडे भरपूर जागा सोडा. अख्खी कढई मावायला हवी."

"सोडतो. आणि उजवीकडे?"

"तिला भाजी चिरण्यापुरतं ठेवा. पुढे भिंतीपर्यंत जाऊ नका. खुर्ची मावेल एवढी जागा राहू दे."

"स्वयंपाकघरात खुर्ची?" दगडवाल्याने टेप उघडता उघडता विचारलं. "कोण बसणार?"

"अण्णा. शेगडी चालू असेल तोवर उठायचं नाही."

"अगं बाई," आई म्हणाली, "म्हणजे दिवसभर माझं डोकं खाणार."

"खाऊ दे," थोरली म्हणाली.

अण्णांनी बाहेरच्या खोलीतली खुर्ची ओढत आणली, भिंतीलगत लावली, बसून पाहिलं. हात लांब केला. बोटं शेगडीच्या बटणापर्यंत नीट पोचत होती. जाळ अजून फुरफुरत होता, वर भांडं नव्हतं. पेटवला होता थोरलीने.

अण्णांनी बटण फिरवलं.

"अहो, रिकामी शेगडी चालू कुणी ठेवली?" आईने मान वर न करता विचारलं.

थोरलीने ओठ उघडले, पण त्याआधीच अण्णा खुर्चीत सरसावून बसले होते.

"मीच," ते म्हणाले. "त्याचं असं झालं..."