रिकाम्या खोलीतली कटकट

मीटिंग संपत आली तेव्हा गोडबोल्यानं आपल्या लॅपटॉपचा आवाज मोठा केला आणि म्हणाला, "आता जरा करमणूक."

एका वयस्क बाईचा आवाज सुरू झाला. स्वच्छ, ठाम, शाळेत वर्ग सांभाळलेला आवाज. भूगोलाचा धडा वाचत होती. "नदी डोंगरातून उतरते तेव्हा तिचा वेग जास्त असतो." कट्. "सपाटीवर आल्यावर ती," कट्, "गाळ टाकू लागते." कट्. काचेवर नख आपटावं तसा आवाज.

"ही आपली कवळीवाली आजी," गोडबोल्या म्हणाला. "तक्रार काय, तर मशीन आवाज करतं! अहो आजी, मशीन नाही, तुमचं तोंड आवाज करतंय."

सगळे खो खो हसले. कुणीतरी दातावर दात आपटून नक्कल केली, त्यावर आणखी हसले. एकटी धाकटी हसली नाही. तो आवाज तिच्या थोरल्या जावेचा होता.

सासरी थोरली तिला "धाकटे" म्हणून हाक मारायची, तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू. ही कंपनी लॅपटॉप बनवायची आणि धाकटी त्यांच्या अगदी आतल्या भागाचं काम बघायची. मशीन सुरू करण्यापासून ते निजवण्यापर्यंत जे जे पडद्यामागं चालतं, ते सगळं तिच्या हाताखालून जायचं. गोडबोल्या ग्राहकसेवा आणि जाहिरात सांभाळायचा. त्याला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते त्याला चपखल बसलं होतं. माणसाला कामावरून काढतानाही तो साखर पेरायचा.

तिथल्या तिथं उठून बोलावं असं धाकटीच्या मनात आलं, पण ती बसूनच राहिली. आपल्या ताटात कुणीतरी थुंकलंय आणि सगळे टाळ्या वाजवताहेत असं तिला वाटलं. ती बॅग उचलून निघाली ती थेट थोरलीकडे.

थोरलीनं दार उघडलं ते तोंडावर रुमाल धरून. महिनाभर ती फोनवर "बरी आहे, नंतर बोलू" एवढंच म्हणत होती, त्याचं कारण आता दिसलं. गाल आत गेलेले. टेबलावर कपभर पाण्यात कवळी ठेवलेली.

"ताई, हे काय?"

"काही नाही गं. हिरड्या सुजल्यात." बोलताना शब्द ओले होत होते. "दंतवैद्याकडून कवळी घासून आणली, तरी आवाज जाईना. मग पुन्हा घासली. आता ती नीट बसतच नाही, टोचते."

"कुणी सांगितलं कवळी घासायला?"

थोरली जरा घुटमळली. "तुमच्याच ऑफिसातली मुलगी. फोनवर. म्हणाली, वय झालं की कवळी सैल होते, बोलताना आपटते, माइक ते पकडतो. तुला कशाला सांगू? तुझ्याच कंपनीची तक्रार तुझ्याकडे करायची, ते बरं दिसत नाही."

थोरली शाळेतून निवृत्त झाली तेव्हापासून अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. कपड्यांची एक छोटी खोली रिकामी करून तिनं भिंतींना जाड रजया लावल्या होत्या. नवरा गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं, पण त्या खोलीत ती रोज शेकडो मुलांशी बोलायची. आता तिथला दिवा बंद होता.

"वाचणं सोडलं?" धाकटीनं विचारलं.

"मग काय करू? ती मुलं कान लावून ऐकतात गं. डोळे नाहीत त्यांना. त्यांच्या कानात मी माझे दात आपटायचे?"

धाकटी उठली. त्या खोलीत जाऊन तिनं मशीन चालू केलं, माइक जोडला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बाहेर येऊन दार लावलं. "ताई, आता थोडा वेळ आपण दोघींनी स्वयंपाकघरात गप्प बसायचं."

दोघी बसल्या. चहा उकळत होता, तोही धाकटीनं बंद केला. मग आत जाऊन तिनं रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी नुसती शांतता. मग कट्. पुन्हा शांतता. कट्, कट्.

थोरलीनं रुमाल खाली घेतला. "पण खोलीत तर कोणी नव्हतं."

"कोणीच नव्हतं, ताई."

थोरली बाहेर आली आणि टेबलावरच्या कपातल्या कवळीकडं बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

प्रकार साधा होता. मशीनच्या प्रोसेसरला काम नसलं की तो झोपतो. थोडा वेळ मोकळा मिळाला की डुलकी घेतो, जास्त मिळाला की गाढ झोपतो. गाढ झोपेत बॅटरी फार वाचते, पण जागं व्हायला वेळ लागतो. या नव्या मॉडेलचा बोर्ड असा होता की प्रोसेसर गाढ झोपेतून उठेपर्यंत माइककडून आलेला आवाजाचा तुकडा हातचा निसटायचा. तिथं कट् व्हायचं. यावर उपाय धाकटीनंच कधीचा लिहून ठेवला होता: मशीन सुरू करताना एक ओळ भरायची आणि प्रोसेसरला सांगायचं, एवढ्यापेक्षा खोल झोपू नकोस. बॅटरी लवकर उतरते, पण ते ज्याचं त्यानं ठरवावं. ज्याला दिवसभर फिरायचंय त्यानं गाढ झोपू द्यावं, ज्याला रेकॉर्डिंग करायचंय त्यानं डुलकीवर ठेवावं.

धाकटीनं थोरलीच्या मशीनवर ती ओळ भरून पाहिली. उत्तर आलं: हा पर्याय या मॉडेलवर बंद आहे.

तो गोडबोल्यानं बंद करवला होता. काही लोकांनी प्रोसेसर डुलकीवर ठेवला, मग बॅटरी दिवसभर टिकेना, मग त्यांनी इंटरनेटवर लिहिलं की जाहिरात खोटी आहे. "ग्राहकाच्या हातात सुरी द्यायचीच कशाला, मॅडम?" गोडबोल्या तेव्हा म्हणाला होता. धाकटी तावातावानं भांडली होती आणि हरली होती. पण या मॉडेलवर कटकट होते हे तेव्हा तिला माहीत नव्हतं, आणि त्याला माहीत असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती ग्राहकसेवेच्या खोलीत गेली. फोन घेणारी मुलगी, तिशीची असेल, एका ग्राहकाला सांगत होती, "काका, तुमच्या दातांची तपासणी करून घ्या बरं." फोन ठेवल्यावर तिनं मान वर केली आणि धाकटीचा चेहरा बघून ती जागीच आक्रसली.

"हे कुणी शिकवलं?"

"ट्रेनिंगमध्येच सांगतात. म्हातारा आवाज असला तर कवळी. तरुण असला तर घरातलं वायरिंग. मागं मूल रडत असेल तर मूल."

"आणि मशीनमध्ये दोष आहे हे माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत आहे, मॅडम. साहेबच म्हणाले, दोष मान्य केला तर बोर्ड बदलून द्यावे लागतील, नाहीतर तो पर्याय उघडावा लागेल. दोन्ही नको." तिनं हेडफोन गळ्यातून काढून टेबलावर टाकला. "माझ्या आईला कवळी आहे. घरी गेले की मी आधी चूळ भरते. हसू नका."

धाकटी हसली नाही. ती गोडबोल्याच्या खोलीत गेली. तिथं कायम कुठल्यातरी फुलाचा फवारा मारलेला असायचा. आज तो वास थेट घशात उतरला.

"ती कवळीवाली आजी माझी थोरली जाऊ आहे," ती म्हणाली.

गोडबोल्यानं लॅपटॉप मिटला. मग त्याचा चेहरा उजळला. "अहो, मग आधी सांगायचं ना, घरचं माणूस आहे म्हणून! केवढा गैरसमज! असं करू, त्यांना एक खास मशीन देऊ. हा पर्याय उघडा असलेलं. तुम्हीच घेऊन जा. माझ्यातर्फे भेट समजा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काही तुमच्या घरचे नाहीत ना, मॅडम." तो इतक्या मायेनं म्हणाला की धाकटीच्या अंगावर काटा आला.

तिनं थोरलीला फोन करून सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, थोरली फणकारेल, म्हणेल की असली भीक नको. थोरली म्हणाली, "घे की."

"ताई, तो मला विकत घेतोय."

"घेऊ दे. तू विकली जाऊ नकोस म्हणजे झालं. माझा भूगोल अर्धा राहिलाय आणि मुलांची परीक्षा तोंडावर आलीय. अभिमान मी नंतर दाखवीन. आधी मशीन आण."

धाकटीनं मशीन नेलं. नेताना खोका तिला चोरीचा माल असल्यासारखा जड वाटला. पण ओळ भरली, प्रोसेसर डुलकीवर ठेवला आणि थोरलीच्या सुजल्या तोंडातून आलेलं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग रेकॉर्ड झालं. थोरलीनं ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग पुढचं पान उघडलं.

मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघायची होती; ती आधी विकलेल्या मशीनवरही आपोआप पोचायची. धाकटीच्या संमतीशिवाय ती बाहेर पडू शकत नव्हती. तिनं त्या आवृत्तीत पर्याय पुन्हा उघडला, त्यानं काय होतं आणि बॅटरीचं काय नुकसान होतं ते सरळ भाषेत लिहिलं, आणि कळवून टाकलं की हे वगळून माझी संमती नाही. काम अडलं. शेवटी कंपनीच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं.

गोडबोल्या आधी बोलला. ग्राहकाचं हित, साधेपणा, विश्वास, असे शब्द तो एकेक करून टेबलावर मांडत गेला. मग हळूच म्हणाला, "आणि एक सांगू का? वाईट वाटतं सांगताना. मॅडम इथं तत्त्वाच्या गोष्टी करताहेत, पण घरच्यांसाठी मात्र खास मशीन कधीच घेऊन गेल्यात."

सगळ्यांच्या माना धाकटीकडं वळल्या. तिचे कान तापले.

"नेलं," ती म्हणाली. "यांनीच दिलं. आणि ते कटकट करत नाही, म्हणूनच खात्रीनं बोलते." तिनं लॅपटॉप पुढं ओढला. "त्या दिवशी तुम्ही एक रेकॉर्डिंग ऐकून हसलात. हे त्याच जुन्या मशीनवरचं दुसरं."

शांतता. कट्. शांतता. कट्, कट्.

"कोण बोलतंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. खोली रिकामी आहे. दार बंद आहे. कवळी बाहेर टेबलावर पाण्यात आहे." तिचा आवाज चिरकला. "आता हसा."

ज्यानं दातावर दात आपटले होते तो टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

मालकीणबाई गोडबोल्याकडं वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असणं आणि खात्री असणं यात फरक असतो, मॅडम."

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. धाकटीला वाटलं, आता त्या लाजेनं काही बोलतील. त्यांनी विचारलं, "हे बाहेर गेलंय का कुठं?"

"नाही."

"मग पर्याय उघडा. आणि बाहेर जाऊ देऊ नका."

झालं एवढंच. शिवी नाही, शिक्षा नाही. नवी आवृत्ती निघाली तेव्हा जाहिरातीत ओळ होती, "तुमचं मशीन, तुमची मर्जी!", आणि तिच्याखाली हात जोडून हसणारा गोडबोल्या. त्यानं सगळ्या ऑफिसला केक वाटला. धाकटीच्या टेबलावरचा तुकडा दिवसभर तसाच पडून होता. संध्याकाळी तिनं तो कागदासकट कचऱ्यात टाकला आणि हात साबणानं धुतले.

पण एवढ्यावर सोडायला ती तयार नव्हती. ज्यांना खोटी उत्तरं दिली त्यांना फोन करायचे, असं तिनं मालकीणबाईंकडे मागितलं. "करा हवं तर," उत्तर आलं. "फक्त चूक, दोष, माफी, असले शब्द नकोत. वकिलांनी सांगितलंय." फोन घेणारी मुलगी आपणहून धाकटीच्या शेजारी येऊन बसली आणि दोघींनी एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. एकानं घरभर नवं वायरिंग केलं होतं. एका आईनं तान्ह्या मुलाला शेजाऱ्यांकडे ठेवून काम केलं होतं. शिव्या देणाऱ्यांचं काहीच नव्हतं, त्यांचं बरं वाटायचं. जीव नकोसा व्हायचा तो आभार मानणाऱ्यांमुळं.

मग एक आजोबा फोनवर आले. तरुणपणी लिहिलेल्या गोष्टी ते नातवंडांसाठी बोलून ठेवत होते.

"दातांचं म्हणालात ना तुम्ही," ते म्हणाले. "कवळी नव्हती मला. माझेच होते, चार हलणारे. काढून टाकले. तरी आवाज येतोच आहे. आता उरलेलेही काढू का?"

फोन घेणाऱ्या मुलीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि ती उठून बाहेर पळाली.

धाकटी पाणी प्यायली आणि जे शब्द नको म्हणून सांगितलं होतं, तेच तिनं वापरले.

"काका, तुमच्या दातांचा काही दोष नव्हता. दोष मशीनचा आहे. आमच्या कंपनीला तो माहीत होता आणि आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. मी माफी मागते. तुम्हाला वकिलाकडं जायचं असेल तर जा, मी खरं तेच सांगेन."

तिला वाटलं, आजोबा आता फोन ठेवतील.

"घाणेरडी माणसं आहात तुम्ही," आजोबा म्हणाले. आवाज चढवला नव्हता.

"हो," धाकटी म्हणाली.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ते वकिलाचं माझा मुलगा बघेल. पण गोष्टी राहिल्यात माझ्या. आता आवाज बंद कसा करायचा, ते सांग."

"मशीन सुरू करा. कंपनीचं चिन्ह दिसलं की लगेच एस्केप दाबा. काळ्या पडद्यावर एक ओळ येईल. तिच्या शेवटी जा, एक जागा सोडा, आणि मी सांगते ते अक्षर अक्षर लिहा. शेवटी एक हा आकडा. एक म्हणजे नुसती डुलकी. आकडा वाढवाल तशी झोप गाढ होईल. बॅटरी लवकर संपेल, तेव्हा वायर लावून ठेवा."

"थांब, चष्मा घेतो," आजोबा म्हणाले. "आणि हळू सांग."

ती हळू सांगू लागली.