तंबूतली पाहुणी

नारीन शहरातलं प्रशिक्षण आटोपून सायरागुल डोंगरावरच्या कुरणावर परतली ती डोक्यात नाना बेत घेऊनच. उन्हाळ्यात सगळं गाव मेंढ्या-घोडे घेऊन वर येतं, तेव्हा मोकाट सुटलेल्या पोरांसाठी ती एका लोकरीच्या तंबूत बालवाडी चालवायची. ती काही शिकलीसवरलेली मास्तरीण नव्हे. पोरं तिच्यापुढे गप्प बसतात, एवढ्या एका गुणावर गावाने तिला नेमलं होतं. यंदा अपंग मुलांना बाकीच्यांबरोबर कसं शिकवायचं, हे तिला शहरात शिकवलं, आणि आल्या आल्या तिने शेजारच्या असिलकानचा तंबू गाठला.

असिलकानची केन्जे सात वर्षांची. पाय वाकडे पडायचे, हात थरथरायचे, तोंड मात्र घरी दिवसभर चालायचं. गावच्या शाळेचे हेडमास्तर सुयुनबेक तिला घ्यायला तयार नव्हते, म्हणून सप्टेंबरात तिला दूरच्या शहरातल्या अपंगांच्या वसतिगृहात घालायचं ठरलं होतं.

"उन्हाळाभर माझ्याकडे पाठव," सायरागुल म्हणाली. "खाली उतरायच्या आत हेडमास्तरांना वर बोलावते. डोळ्यांनी बघतील तेव्हा घेतील."

"आणि नाही घेतली तर?"

वसतिगृहातली पोरं कधीतरी सुट्टीलाच घरी येतात, हे दोघींना ठाऊक होतं.

सायरागुलने कशातच कसूर केली नाही. उंबरठ्यावर उतरती फळी टाकली, थरथरत्या बोटांत धरता याव्यात म्हणून पेन्सिलींना लोकर गुंडाळली. आणि केन्जेला बसवलं दारासमोरच्या टोकाला, तंबूच्या अगदी आत, गाद्यांवर. गावाच्या रीतीत त्या जागी घरचं पोर कधी बसत नाही, ती पाहुण्याची जागा. एकदा तिथे बसवल्यावर पुढचं आपोआप होत गेलं. पोरं तिच्यापुढे पहिली वाटी ठेवत, तिच्या हातांवर पाणी घालत, तिचं पडलेलं उचलून देत. झाडणं, गोवऱ्या आणणं तिच्या वाट्याला कधी आलं नाही. ती चुकली तरी कोणी हसत नसे. बाकीच्यांवर दिवसभर खेकसणाऱ्या सायरागुलचा आवाज केन्जेपुढे मऊ लोण्यासारखा व्हायचा, आणि याचंच सायरागुलला स्वतःशी मोठं कौतुक होतं.

ऑगस्ट लागला तशी केन्जे सकाळी रडू लागली.

"नाही यायचं म्हणते," असिलकानने येऊन सांगितलं.

"कोणी चिडवलं का?"

"तेच तर! कोणी चिडवत नाही, म्हणते. मला काही कळत नाही बाई. जाऊ दे, तिच्या नशिबात वसतिगृहच आहे."

सायरागुलला मनातून राग आला. एवढं करून वर ही तक्रार! दुसऱ्या दिवशी तिने केन्जेखाली आणखी एक गादी सारली.

हेडमास्तर घोड्यावरून आले, घाम पुसत आत शिरले आणि रीतीप्रमाणे मानाच्या जागी, केन्जेच्या शेजारी बसले. असिलकान दाराशी उभी राहिली. केन्जेने गाणं म्हटलं, आकडे ओळखून दाखवले. हेडमास्तरांनी मान डोलावली.

"छान. आणि हिच्याकडे काम कोणतं असतं?"

"तिला काम नसतं, मास्तर," एर्मेक नावाचा आगाऊ पोरगा पुढे सरसावला. "ती पाहुणी आहे."

"अस्सं! मग पाहुणी घरी कधी जाणार?"

हेडमास्तर थट्टेत म्हणाले, पोरंही हसली. केन्जेने मात्र मान खाली घातली.

"बाई, तुम्ही जीव लावलाय, दिसतंय," हेडमास्तर सायरागुलला म्हणाले. "पण शाळेत माझ्याकडे गाद्या नाहीत. तिथे फळा पुसायचा असतो, ढकलाढकली असते. ही तिथे काय करणार? वसतिगृहच बरं."

सायरागुल भांडणार होती, पण एर्मेकचा शब्द डोक्यातून जाईना. पोरगं खोटं काय बोललं होतं? उन्हाळाभर तिने केन्जेचा पाहुणचार केला होता, आणि त्यालाच शिकवणं समजून बसली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

जेवणाची वेळ झाली. पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायला एर्मेकने झारी उचलली.

"ठेव ती," सायरागुल म्हणाली. "तू घंगाळ धर. केन्जे, ऊठ. मास्तरांच्या हातांवर पाणी घाल."

"अगं, वेड लागलं का तुला?" असिलकान दारातून ओरडली. "सांडेल ती!"

"सांडू दे."

केन्जे गाद्यांवरून घसरत उतरली. तंबूच्या लाकडी जाळीला धरून उभी राहिली. झारी तिने दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळली आणि वाकली. पहिली धार घंगाळात पडली, दुसरी हेडमास्तरांच्या बाहीवर, आणि तिसरी सगळीच्या सगळी विजारीवर.

"केन्जे, हात धुवायचेत, आंघोळ नाही घालायची!" एर्मेक फिसकन हसला.

"तू घंगाळ नीट धर ना, बावळटा!" केन्जे उसळली.

पोरं खदाखदा हसली. केन्जेच्या चुकीला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी हसत होतं, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होती केन्जे स्वतः.

हेडमास्तरांनी हात मागे घेतले नाहीत. "घाल अजून," ते म्हणाले. "बोटं राहिलीत." मग पाणी घालणाऱ्या कुठल्याही पोराला द्यावा तसा त्यांनी ओले तळवे वर करून तिला आशीर्वाद दिला, "मोठी हो, दीर्घायुषी हो." विजार पिळत ते असिलकानकडे वळले. "एक सप्टेंबरला आणा हिला. मी जास्तीची विजार शाळेत ठेवीन."

असिलकान दारातच सगळ्यांदेखत रडली.

दुसऱ्या दिवशी केन्जे फळीवरून आत आली ती गाद्यांकडे गेलीच नाही. एर्मेकला कोपराने ढकलून दाराजवळच्या घोळक्यात घुसली. धडा सुरू झाला तरी तिचं तोंड काही थांबेना.

"केन्जे!" सायरागुल कडाडली. "गप्प बसतेस की बाहेर काढू?"

केन्जे गप्प झाली. मग एर्मेकच्या कानाशी वाकून ऐटीत म्हणाली, "बघितलंस? मला ओरडल्या."