आतूनही किल्ली लागणारं कुलूप

मावशी निळ्या दोऱ्याची दोन रिळं घेऊन अंगणात आली तेव्हा सव्वादहा वाजले होते. एक निळा जरा काळपट, एक जरा उजळ. घरातल्या दिव्याखाली दोन्ही सारखेच दिसत होते, म्हणून उन्हात धरून बघायचे, एवढंच काम. तिने डोळे बारीक केले, काळपट रीळ पक्कं केलं, आणि तेवढ्यात सकाळपासून सताड उघडं असलेलं दार वाऱ्याने मागून लोटलं. खट्ट!

तो आवाज ऐकूनच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मावशी म्हणजे गावची शिवणवाली. साठीला टेकलेली, अंगाने भरलेली, उजव्या गुडघ्याने रुसलेली, आणि लहानथोर सगळ्यांची मावशी. तिच्या घराला आजवर कधी कुलूप नव्हतंच. दाराला एक सुतळीचा फास होता, तोही माणसांसाठी नव्हे, शेळ्यांसाठी. पण गेल्या महिन्यात पलीकडच्या गावात कुणाची पाण्याची मोटर चोरीला गेली, ती बातमी शहरात मुलाने वाचली, आणि गेल्या मंगळवारी तो पेटीभर हत्यारं आणि एक कुलूप घेऊन दारात हजर झाला. कुलूप कसलं, लोखंडी प्रकरणच ते. दार ओढलं की आपोआप लागायचं, आणि उघडायला बाहेरून किल्ली लागायची तशी आतूनही लागायची.

"आतून कशाला रे किल्ली?" तिने विचारलं होतं.

"अगं आई, समजा चोर खिडकीतून आत शिरला, तरी दारातून सामान बाहेर नेता येणार नाही त्याला."

"खिडकीतून शिरला तर खिडकीतूनच नेईल की मेला."

मुलाने हे ऐकलं नाही. दोन किल्ल्या होत्या. एक तो घेऊन गेला, दुसरी त्याने सुतळीत ओवून आईच्या गळ्यात घातली. आठ दिवस ती तिथेच होती. आज सकाळी मात्र किल्ली शिवायला घेतलेल्या कोटाच्या रेशमी अस्तराला ओरखडे काढायला लागली, म्हणून मावशीने ती काढून जपून ठेवली. इतकी जपून, की ठेवताना 'काय डोकं चालतं गं बाई तुझं' असं ती स्वतःलाच म्हणाली होती. डोकं चालल्याचं आठवत होतं. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नव्हतं.

आणि आत शिलाई यंत्राच्या सुईखाली गिरणीवाल्याचा लग्नाचा कोट होता. डाव्या बाहीची शिवण राहिलेली, चार बटणं राहिलेली. लग्न गावच्या कचेरीत होतं आणि नोंदणी अधिकारी बाराच्या ठोक्याला पुढच्या गावी निघून जाणार होते. पुन्हा यायचे ते थेट पुढच्या महिन्यात.

"मावशी, झाला का कोट?" फाटकातून गिरणीवाला आला. बावन्न वर्षांचा आडदांड नवरदेव. पायात चकचकीत बूट, नवी विजार, वर नुसता गंजीफ्रॉक, आणि कानाच्या पाळीवर अजून पीठ. उतावळा नवरा म्हणतात तो हाच.

"झालाय," मावशी म्हणाली. "म्हणजे होतोय. म्हणजे तो आत आहे आणि मी बाहेर आहे."

गिरणीवाल्याने दाराकडे पाहिलं, कुलपाकडे पाहिलं आणि खांदा सरसावला. "फोडतो."

"खबरदार! लेकाने आणलंय ते."

मग तिने लेकालाच फोन लावला. तो म्हणाला, "आई, कशालाही हात लावू नकोस, मी दुसरी किल्ली घेऊन निघतो." शहर तीन तासांवर. गिरणीवाला पायरीवर मटकन बसला.

"वीस वर्षं," तो म्हणाला. "वीस वर्षं तिला विचारायचा धीर होत नव्हता. आता ती हो म्हणाली तर कुलूप नाही म्हणतंय."

आरडाओरडा ऐकून शेजारचे मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, उभे राहिले तर छत्रीची काडी वाटावी असे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घसा खाकरला आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "मागची खिडकी बघू या का?"

"गज आहेत तिला," मावशी म्हणाली.

"आहेत," मास्तर म्हणाले. "पण मधले दोन जरा... समजूतदार आहेत."

सगळे घरामागे गेले. मास्तरांनी एक गज वर उचलला, डावीकडे फिरवला आणि काकडी खुडावी तसा अलगद काढून हातात घेतला. मग दुसरा. मावशीचा आ वासला.

"मास्तर! तुम्ही माझ्या घरात शिरता?"

"शिरतो कसला, वाचायला येतो. तू बाजारात गेलीस की तुझ्या खुर्चीत पेपर वाचायचा, हे माझं बारा वर्षांचं. तुझ्याकडे उजेड चांगला. मंगळवारी कुलूप लागलं, मग बुधवारी मी गज काढला. माणसाने वाचन सोडावं का?"

एवढ्यात मागच्या बांधावरून हातात टोपली घेऊन अंडीवाली काकू आली आणि उघड्या खिडकीकडे बघून ओरडली, "अगंबाई, हा गज तुम्ही सैल केलात होय मास्तर? आणि मी आठ दिवस म्हणतेय, माझ्या मनगटात एवढी ताकद आली कुठून!"

"तूसुद्धा?" मावशी म्हणाली.

"मग अंडी काय उन्हात ठेवू? उबतील ना!"

गिरणीवाला बुटांकडे बघत पुटपुटला, "मावशी, पिठाचा डबा मीच भरून गेलो होतो शुक्रवारी. मी काही आत मावत नाही. हात घालून लांबूनच ओतलं."

मावशी जागच्या जागी खिळली. खरंच की! आठ दिवस घरात अंडी येत होती, डब्यात पीठ येत होतं, टपाल टेबलावर येऊन पडत होतं, पेपरची घडी बदलत होती, आणि दाराला कुलूप असताना हे सगळं येतंय कुठून, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. आधी तिला राग आला. मग तो राग छातीतून वर चढता चढता कुठेतरी वाट चुकला आणि तोंडातून हसू होऊन बाहेर पडला. ती भिंतीला टेकून अशी हसली की गिरणीवाल्याला तिला धरावं लागलं.

"साडेदहा!" मास्तर खिडकीच्या आतून ओरडले. ते कधीच आत पोचले होते. "किल्ली कुठे शोधू?"

"तांदळाच्या डब्यात बघा! नाही, उशीखाली! बटणांच्या पेटीत!"

मास्तरांनी तांदूळ चाळले, उशा झोडल्या, बटणांची पेटी जमिनीवर उपडी केली आणि स्वतःच त्या बटणांवरून घसरून खाली बसले. किल्ली मिळाली नाही. (ती पुढे पंधरा दिवसांनी यंत्राच्या तेलाच्या बुधलीखाली सापडली. तिथे मास्तरांनी तीनदा पाहिलं होतं, असं ते आजही शपथेवर सांगतात.)

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली आणि टपालवाली आली. नवरी हीच. लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळचं टपाल वाटून आली होती. अंगावर नवे कपडे, खांद्यावर रिकामी पिशवी, केसांत फूल.

"नवरा बाहेर बनियनवर का?" तिने विचारलं.

तिला सगळं सांगितलं. तिने पिशवी नवऱ्याच्या गळ्यात अडकवली, चपला काढल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत खिडकीतून आत गेली. तीसुद्धा सरावाने, हे मावशीच्या नजरेतून सुटलं नाही.

"मावशी, मला शिवता येत नाही," ती आतून म्हणाली. "तुम्हाला आत येता येत नाही. मग यंत्र खिडकीपाशी आणलं तर?"

मावशीचा गुडघाच क्षणभर दुखायचा थांबला. पोरगी हुशार होती!

मास्तर आणि टपालवाली यांनी यंत्र ढकलत स्वयंपाकघरात आणलं आणि खिडकीला चिकटवलं. बाहेर गिरणीवाल्याने बादली पालथी घातली, मावशी तिच्यावर चढली, काकूने मागून कमरेला टेकू दिला. मावशीने दोन्ही हात खिडकीतून आत घातले. कापड तिच्या हातात, सुई तिच्या नजरेखाली. फक्त पाय तेवढे दुसऱ्याचे. आत टपालवाली स्टुलावर बसली आणि तिने पायडलवर पाय ठेवले.

"हं, मार!"

यंत्र असं सुटलं की दोन वीत बाही एका श्वासात शिवून झाली आणि मावशीचं बोट थोडक्यात वाचलं.

"अगं हळू! सायकल नाही ही, उतार लागल्यासारखी काय सुटतेस!"

"मला एकच वेग येतो, मावशी!"

"मग मी सांगेन तेव्हा ब्रेक लाव! आता वळण आलं. हळू, हळू, डावीकडे. शाब्बास! आता सरळ रस्ता, सोड!"

एकीचे पाय आणि दुसरीचे हात, मधे भिंत. पहिल्यांदा दोरा तुटला, दुसऱ्यांदा गुंता झाला, तिसऱ्यांदा काकूला हसू आवरेना आणि तिच्या टेकूबरोबर मावशीही हलायला लागली. पण हळूहळू दोघींचा सूर जमला. मावशीला वाटलं, चाळीस वर्षं आपण हे काम एकटीने करत होतो, यात इतकी गंमत आहे हे कुणी सांगितलंच नाही.

साडेअकराला कोट खिडकीतून बाहेर आला, त्यापाठोपाठ टपालवाली, मग मास्तर. बटणं राहिली होती.

"चालता चालता लावते," मावशी म्हणाली. "अंगात घाल तो. सगळ्यांनी पाय उचला!"

भर गल्लीतून ती वरात निघाली. पुढे नवरी सायकलवर घंटी वाजवत, मागे मास्तर एका हाताने कमर धरून, त्यामागे काकू अंड्यांची टोपली सांभाळत, आणि मधोमध नवरदेव खेकड्यासारखा आडवा चालतोय, कारण मावशी त्याच्या छातीशी सुईने बांधलेली. "हलू नकोस!" "मावशी, मी पळतोय!" "पळ, पण हलू नकोस!" दोन बटणं गल्लीत लागली, तिसरं पाणवठ्याजवळ. चौथं लागता लागता कचेरीची पायरी आली, आणि मावशी सुईदोऱ्यासकट नवरदेवाबरोबर थेट अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत ओढली गेली.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. बारा वाजायला आठ मिनिटं होती.

"नवरी कोण?"

"मी," टपालवाली धापा टाकत म्हणाली.

"मग या बाई कोण?"

"मी बटण लावतेय," मावशी म्हणाली, आणि वाकून दातांनी दोरा तोडला. "झालं. आता लागलं लग्न तरी चालेल."

मास्तरांनी आणि काकूने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. सही करताना नवरीने नवरदेवाचा हात हलकेच दाबला, आणि वीस वर्षांचं राहिलेलं काम दोन मिनिटांत उरकलं.

जेवण मावशीच्या अंगणात ठरलं होतं, पण टेबलं घरात. गिरणीवाला म्हणाला, "आता माझं लग्न झालंय, मी कुणाला भीत नाही," आणि गिरणीतून पेचकस घेऊन आला. तो मास्तरांच्या हातात देऊन त्यांना पुन्हा खिडकीतून आत धाडलं. मास्तरांनी आतून बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, गिरणीवाल्याने बाहेरून जोर लावला, आणि अख्खं दार कुलपासकट त्याच्या हातात आलं. कुलूप आपलं इमानदार, बंदच्या बंद.

"आता हे ठेवायचं कुठे?" त्याने विचारलं.

मावशीने अंगणातल्या दोन पिंपांकडे पाहिलं. दार त्यांच्यावर आडवं टाकलं, वर चादर पसरली, आणि असं लांबरुंद टेबल गावात कुणाच्या लग्नात कुणी पाहिलं नव्हतं. भाताचं पातेलं मधोमध आलं, भाजी शेजारी, काकूची उकडलेली अंडी डोंगरासारखी रचलेली.

मुलगा पोचला तेव्हा पहिली पंगत अर्धी उरकली होती. गाडीतून उतरून तो फाटकातच उभा राहिला. घराला दार नव्हतं. आत-बाहेर माणसांची जत्रा. कुणी त्याच्या आईच्या कपाटातून ताटल्या काढत होतं, कुणी तिच्या पलंगावर तान्हं पोर झोपवत होतं.

"आई," तो हात उंचावून म्हणाला, "किल्ली आणली!"

मास्तरांना ठसका लागला, काकूने पदर तोंडात कोंबला, आणि अंगणभर हशा उसळला. पोराचे कान लाल झाले. मावशी लंगडत त्याच्याजवळ गेली.

"तीन तास गाडी हाकलीस रे माझ्यासाठी," ती म्हणाली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "बस. आधी जेव."

"पण आई, दार..."

"तुझ्या ताटाखाली आहे."

त्याने चादर उचलून पाहिली. कुलूप तिथे होतं, कडेला, भाजीच्या रश्श्याने जरासं माखलेलं. त्याचे ओठ आधी घट्ट मिटले, मग थरथरले, आणि तोही सुटला. हसता हसता त्याला उचकी लागली. टपालवालीने पाणी दिलं, मास्तरांनी पाठीवर थापटलं, आणि मग त्याने दोनदा भात वाढून घेतला.

मावशी पायरीवर बसली, पाय पसरून, पाठीमागे उघडंबोडकं घर. समोर नवरा-नवरी हात धरून सगळ्यांना नमस्कार करत फिरत होते. गिरणीवाल्याने दोन्ही हात जोडले तशी तिची नजर बाह्यांवर गेली, आणि ती दचकली. डावी बाही उजवीपेक्षा चांगली दोन बोटं आखूड होती.

तिने टपालवालीकडे पाहिलं. टपालवालीनेही त्याच क्षणी तिकडेच पाहिलं होतं. दोघींनी तोंडावर हात दाबले.