ओढ्याकाठचं चोरटं प्लम

आयव्हर शनिवारी येणार म्हणून मी बुधवारी एकटीच बागेत गेले आणि ओढ्याकाठच्या बाकामागची घाणेरी छाटून टाकली. दोन वर्षांत तिचं रान माजलं होतं. त्याचा गुडघा हा असा; त्या काट्यांतून बाकापर्यंत पोचणार कसा?

टेगनला मी एवढंच कारण सांगितलं. टेगन आमच्या तण काढणाऱ्या गटाची नवी म्होरकी, वय अठ्ठावीस, हातात सतत यादी.

बाग म्हणायचं, पण सिडनीच्या मधोमध दोन तळी, एक ओढा, दलदल आणि माणूस हरवेल एवढं जंगल आहे तिथे. दर शनिवारी आम्ही सात-आठ जण ढोपरांवर बसून त्यातलं परकं तण उपटतो. मला हे आयव्हरने शिकवलं. फेरीबोटीचे दोर ओढून हात राठ झालेले, पण दोन पानांचं रोप कुणाचं ते बोटांनीच ओळखायचा. "घाणेरी एका दमात काढायची नाही, नेरी," तो बजावायचा. "चिमुकली पाखरं असतात आत. थोडी थोडी काढ. आडोसा गेला की सगळं उघडं पडतं."

त्याच्या हातून गुन्हा घडला तो एकच. अकरा वर्षं दर मंगळवारी आम्ही दोघं पायवाटेने फिरून त्या बाकावर टेकायचो. तो प्लम खायचा आणि बिया खुशाल मागे थुंकायचा. त्यातली एक रुजली. प्लमही इथे परकंच; नियमाने ती उपटायला हवी होती.

"तू काही पाहिलं नाहीस," तो म्हणाला.

"काय पाहिलं नाही?" मी म्हणाले.

घाणेरीच्या आडोशाने झाड वाढलं. तो समुद्रापलीकडे, होबार्टला लेकीकडे गेला तेव्हा ते माझ्या खांद्याला लागत होतं, आता मान वर करून बघावं लागतं. दर ऑगस्टला, इथला हिवाळा सरताना, ते फुललं की मी फोटो पाठवते. त्याचं उत्तर येतं, 'निर्लज्ज झाड.' त्या दोन शब्दांवर माझं वर्ष निघतं. यंदा मात्र त्याने लिहिलं, 'फुलं बघायला येतोय.' त्याचा फ्लॅट माझ्या गल्लीतच बंद पडून आहे. मी मनातल्या मनात त्याच्या खिडक्यासुद्धा उघडल्या. एवढं फुललेलं झाड बघून कोण परत जाईल?

शनिवारी सकाळी अवजारांच्या खोलीपाशी टेगनने मला मिठीच मारली. "झकास काम केलंस गं! मागे एवढं मोठं प्लम लपलं होतं, कुणाला पत्ताच नव्हता. गुरुवारी फवारणीवाले आले होते, त्यांना दाखवलं. खोडाला भोकं पाडून झाड मारायचं औषध भरून गेले."

"बरं झालं," मी म्हणाले. पोरगी नियमाने वागली होती. मीच तर ते उघडं पाडलं होतं.

आयव्हर काठी टेकत आला. वाळला होता. वाटभर तो होबार्टच्या थंडीला शिव्या घालत होता आणि मी काही न ऐकता हसत होते. वळण घेतलं आणि तो थांबला. झाड पांढरंशुभ्र फुललं होतं. औषध चढायला वेळ लागतो; झाडाला अजून काही कळलेलं नव्हतं.

आयव्हर बाकावर बसला. त्याची नजर फुलांवरून खाली बुंध्यापाशी गेली, भोकांभोवतीच्या औषधाच्या निळ्या डागांवर.

"हे तुझं काम नाही. भोकं फार सरळ आहेत."

"घाणेरी मी काढली," मी म्हणाले. "एका दमात. तुला बसता यावं म्हणून."

त्याने काठी बाकाला टेकवून ठेवली. मग खांदे हलवत हसायला लागला. "अकरा वर्षं शिकवलं हिला!" मग हसू ओसरलं. "फ्लॅट विकला, नेरी. सह्या करायलाच आलोय. मंगळवारचं विमान आहे."

"मंगळवारचंच बरं मिळालं तुला," मी म्हणाले आणि थर्मासमधला चहा मगात ओतला.

चहा पितापिता सवयीने त्याचा हात बुटाशी गेला आणि एक रोप मुळासकट वर आलं. दोन-चार पानं, खाली फुटलेल्या बीची टरफलं. प्लमचंच. उपटून झाल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. तळव्यावर घेऊन तो तसाच बसून राहिला. परत लावायचं तर नियम आड येतो, होबार्टला न्यायचं तर विमानतळावरच काढून घेतील. बाहेरचं पानही आत येऊ देत नाहीत तिथे.

मी उरलेला चहा गवतात ओतला, मगात ओंजळभर माती घातली आणि मग त्याच्यापुढे धरला. "दे इकडे. माझ्या गॅलरीला कुणाचे नियम नाहीत."

"फळ धरायला चार-पाच वर्षं लागतील."

"लागू देत," मी म्हणाले. "मला कुठे जायचंय?"