सेमिसीच्या होडीचं इंजिन

मित्रांनो, मी होडीच्या पाठीला लावायचं एक जुनं इंजिन बोलतोय. जन्म कुठल्यातरी परदेशी कारखान्यातला, पण आयुष्य गेलं टोंगाच्या एका लहानशा बेटावर. खारं पाणी, खारा वारा आणि फीनाऊ नावाच्या कोळ्याच्या शिव्या, यांवरच मी वाढलो.

फीनाऊची थोरली मुलगी लेसिएली लहानपणी माझ्याशेजारीच बसायची. बापाने हात पुढे केला की न सांगता हवा तो पाना त्यात ठेवायची. "काय बिघडलंय ते पोरीला माझ्या आधी कळतं," असं फीनाऊ कौतुकाने सांगायचा. मी चालू असताना थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी आत ओढतो आणि त्याची एक धार बाहेर सोडतो. ती धार बारीक झाली की मी आतून भाजतोय, हे बापानेच तिला शिकवलं होतं.

मग ती वयात आली. या बेटांवर मोठे झालेले बहीण-भाऊ एका छपराखाली बसत नाहीत, थट्टामस्करी करत नाहीत, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. बहिणीचा मान एवढा की तिचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही. तिचा धाकटा भाऊ सेमिसी होडी चालवू लागला, तशी माझी शेड त्याची झाली आणि लेसिएलीचं तिथे येणं बंद झालं. आईशेजारी बसून ती केवड्याच्या पातींच्या चटया विणू लागली. मानाच्या मुलीने तेलात हात कशाला घालायचे, असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही. सेमिसी गुणी पोर होता, पण यंत्राच्या बाबतीत अगदी दगड. पेट्रोल ओतायचं आणि दोरी ओढायची, एवढीच त्याची विद्या.

एका सकाळी तो शेजारच्या बेटावर निघाला. फीनाऊ आणि गावातली पोरं होडी ढकलायला आली होती. लेसिएली लांब किनाऱ्यावर पाती भिजवत होती. सेमिसीने मला चालू केलं आणि माझी धार तिला तिथून दिसली. सुतासारखी झाली होती. फीनाऊ होडीच्या पुढच्या टोकाला होता, त्याला ती दिसली नाही. ती धावत आईकडे गेली.

"आई, इंजिनाला पाणी मिळत नाहीये. त्याला सांग, आज जाऊ नकोस."

"भावाच्या कामात खोट काढतेस? बरोबरीची पोरं उभी आहेत तिथे. मान खाली जाईल त्याची."

"जाऊ दे खाली. तू सांग."

आई निघाली खरी, पण होडीपाशी पोचेपर्यंत तिचा धीर सुटला. ती मुलाला एवढंच म्हणाली, "बहीण म्हणते, जपून जा."

"जपूनच जातो म्हणावं," सेमिसी हसून म्हणाला.

खरा निरोप पोचला असता तर तो थांबला असता, मित्रांनो. बहिणीचा शब्द त्याने मोडला नसता. भर प्रवाहात मी तापत गेलो आणि आतून जाम होऊन बंद पडलो. हात सोलवटेपर्यंत त्याने दोरी ओढली. वाऱ्याने होडी खडकांवर नेली. लोकांना होडी सापडली, मी सापडलो. सेमिसी सापडला नाही.

शोकाला बसताना लेसिएलीला मानाची जागा दिली, सगळ्यांत बारीक विणीची चटई अंथरली. मला नीरफणसाच्या झाडाखाली फेकून दिलं. फीनाऊ येता-जाता लाथ घालायचा.

पुढे एका दुपारी लेसिएली शेडमधून पाना-पक्कड घेऊन आली. शेड आता भावाची राहिली नव्हती, त्यामुळे तिला तिथे जायला आडकाठी उरली नव्हती. तिने मला खोललं आणि पाणी ओढणारी रबराची चक्री बाहेर काढली. तिच्या पाकळ्या झडून गेल्या होत्या. फीनाऊ मागे येऊन उभा राहिला.

"एवढ्याशा रबरापायी?"

"हो, बाबा. त्या सकाळीच मला कळलं होतं."

"मग मला येऊन का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्याच्याजवळ उभे होतात. तिथे मी येऊ शकत नव्हते."

फीनाऊने खाली पडलेला पाना उचलून तिच्या हातात ठेवला. पुढच्या बोटीने त्याने तिला राजधानीच्या तंत्रशाळेत पोचवलं आणि मलाही सोबत दिलं.

आज ती तिथेच शिकवते. बेटांवरच्या शाळांतल्या मुलींना बोलावते आणि मला खोलायला लावते. परवा एक मुलगी मागे सरली. "बाई, हात काळे होतील."

"होऊ देत. साबण आहे," लेसिएली म्हणाली, आणि पाना तिच्या हातात दिला.

मैत्रिणींनो, तुम्हीही या. यंत्र कुणाचा हात आहे ते बघत नाही, त्याला फक्त जाणता हात हवा असतो. आणि मित्रांनो, बहिणीला काही कळत असेल तर तिला पुढे येऊन बोलू द्या. लेसिएलीला मान भरपूर मिळाला. तिला भाऊ हवा होता.