मूळ रहिवासी क्रमांक तीन

"मूकाका, महानगराला चेहरा असतो, हृदय असतं आणि आत्माही असतो. तिआनजिन शहराचा आत्मा म्हणजे ही मीठवखार गल्ली. आणि या गल्लीचा आत्मा म्हणजे तुम्ही!"

व्यवस्थापक रुआनबाईंनी हे वाक्य उजवा हात छातीवर ठेवून म्हटलं. मग हात खाली घेतला, मू देशुनकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "पण आत्म्याचं बनियन फार पांढरं आहे हो. कालचं डागवालं कुठं गेलं?"

"हेच ते. धुतलं," देशुन म्हणाला.

"का?"

"डाग पडले होते."

रुआनबाईंनी कपाळाला हात लावला. ते डाग एका नामवंत वेशभूषाकारानं चहा आणि सोयासॉस यांचं प्रमाण ठरवून पाडलेले होते. त्यांच्या मंजुरीचा कागद तीन टेबलांवरून फिरून आला होता. आणि या माणसानं ते बादलीत भिजवून, साबण लावून, एका संध्याकाळी घालवले. तेही नेमके समिती येण्याच्या आदल्या दिवशी.

समिती शहरातल्या दहा प्रेक्षणीय स्थळांची यादी नव्यानं ठरवणार होती. सध्याच्या यादीत पहिला पुलावरचा आकाशपाळणा, दुसरे पाच रस्त्यांवरचे परदेशी बंगले, तिसरी इटालियन वस्ती. मीठवखार गल्ली सातवी. सातवं स्थळ म्हणजे जिथं पर्यटकांच्या बसगाड्या मुख्यतः लघवीला थांबतात. रुआनबाईंना गल्ली तिसरी आणायची होती. तसं लेखी उद्दिष्टच होतं त्यांना.

"काळजी करू नका, ताई," देशुन म्हणाला. "दुपारपर्यंत मळेल."

रुआनबाई एकोणतीस वर्षांच्या आणि देशुन अडुसष्टचा. पण तिआनजिनमध्ये बाई दिसली की तिला ताई म्हणतात, मग ती सहा वर्षांची असो की साठ. रुआनबाई दक्षिणेकडून आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपण फार थकलेल्या दिसतो. आता सवय झाली होती.

देशुनच्या गळ्यात बिल्ला होता: 'मूळ रहिवासी क्रमांक तीन'. क्रमांक एक हनान प्रांतातला. क्रमांक दोन तिआनजिनजवळच्या गावातल्या नाटकमंडळीत म्हाताऱ्यांची कामं करणारा. त्याची दाढी खरी होती आणि बायकोही त्याच मंडळीतली. देशुनजवळ दाढी नव्हती. मुलाखतीत त्यानं सांगितलं होतं, "मी चौदा नंबरात जन्मलो, तिथंच एकसष्ट वर्षं राहिलो." मुलाखत घेणाऱ्यानं ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण अनुभव काय?"

तरी नोकरी मिळाली. नोकरी अशी, की चौदा नंबरच्या उंबऱ्याबाहेर बुटक्या स्टुलावर बसायचं, ताडाचा पंखा हलवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलात का?" म्हणून विचारायचं. ऑक्टोबर लागला, नदीवरून वारा सुटला, तरी पंखा हलवायचाच. आत जायचं नाही. दाराला लाल गोंड्याची दोरी बांधलेली होती. आतल्या भिंतीवर एक घड्याळ होतं, ते कायम दहा वाजून दहा मिनिटं दाखवायचं. देशुननं एकतीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात तोलचक्रं बसवली होती. दोरीपलीकडचं ते बंद घड्याळ पाहून त्याच्या बोटांना खाज सुटायची. पण वस्तू मांडलेल्या होत्या आणि मांडलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही, असा नियम होता.

हे सगळं त्यानं पत्करलं ते यून्फांगसाठी.

यून्फांग ही त्याची बायको. बसमध्ये कंडक्टर होती. पर्यटनासाठी गल्ली ताब्यात घेऊन रहिवाशांना शहराबाहेरच्या उंच इमारतींत हलवलं, त्यानंतर दोनेक वर्षांत तिचं डोकं हळूहळू रिकामं होऊ लागलं. आधी चाव्या गेल्या, मग आठवड्याचे वार, मग नवऱ्याचं निवृत्त होणं. तेविसाव्या मजल्यावरच्या घरात ती दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "चल रे म्हाताऱ्या, फार वेळ झाला. लोकांच्या घरी किती बसायचं? आपल्या घरी जाऊ." दिवसातून तीस वेळा म्हणायची. लिफ्टचं दार हातानं बडवायची.

फक्त चौदा नंबरच्या उंबऱ्याबाहेर, नवऱ्याशेजारच्या दुसऱ्या स्टुलावर बसली, की ती घरी जायचं नाव काढत नसे. बिल्ल्यावर एका माणसाला सोबत आणता येत होतं. एवढ्यासाठी देशुन पंखा हलवत होता.

सकाळी दीड तासाचा बसप्रवास. त्यात ती खिडकीशी बसून थांबे पुकारायची, तिच्या जुन्या मार्गाचे. "रॉकेलचा डेपो! सूतगिरणी! सार्वजनिक न्हाणीघर! मीठवखार, उतरणारे पुढे या!" खिडकीबाहेर डेपो नव्हता, गिरणी नव्हती आणि न्हाणीघराच्या जागी काचेचा मॉल होता. एकदा एका प्रवाशानं विचारलं, "ताई, आकाशपाळण्याला कुठं उतरायचं?" यून्फांग म्हणाली, "असलं काही आपल्या मार्गावर नाही."

आणि हातात अंडं.

तिआनजिनच्या माणसाचा दिवस मुगाच्या धिरड्यानं उगवतो. गाडीवाला गरम तव्यावर पीठ पसरतो, वर अंडं फोडतो, आत तळलेली कुरकुरीत कांडी ठेवून गुंडाळी करतो. पीठ गाडीवाल्याचं, अंडं आपलं, घरून आणलेलं. गाडीवाल्यावर अविश्वास म्हणून नव्हे, आपल्या घरच्या अंड्यावर विश्वास म्हणून. रांगेत दहा माणसं आणि दहा मुठींत दहा अंडी, हे दृश्य यून्फांगच्या डोक्यातून अजून पुसलेलं नव्हतं.

गल्लीत आता पेईची धिरड्याची गाडी होती. गाडीवर पाटी: 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत.' अंडी कंपनीची, आधीच फेटून बाटलीत भरलेली. पहिल्या दिवशी देशुन पेईच्या कानाशी लागला. तेव्हापासून रोज तसंच चाले. यून्फांग अंडं द्यायची, पेई ते कौतुकानं हातात तोलायचा, "वा ताई, काय वजन आहे!" म्हणायचा, खाली वाकायचा, तव्यावर बाटलीतलं ओतायचा आणि अंडं मागच्या बाजूनं देशुनच्या खिशात सरकवायचा. देशुन संध्याकाळी ते फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी यून्फांग तेच काढायची.

फार जुनं झालं की देशुन ते गुपचूप बदलायचा; समिती आली त्या दिवशी हातातल्या अंड्याला एकोणीस दिवस झाले होते.

समितीत पाच जण होते. अध्यक्षांच्या हातात थर्मास आणि चेहऱ्यावर सकाळपासून तीन स्थळं पाहिल्याचा कंटाळा. ते धिरड्याच्या गाडीपाशी थांबले आणि नेमकी यून्फांग अंडं घेऊन पुढे झाली.

पेईनं अध्यक्षांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. त्याला नोकरी टिकवायची होती.

"ताई, बाहेरचं चालत नाही," तो म्हणाला.

"बाहेरचं?" यून्फांग म्हणाली. "घरचं आहे."

"नियम आहे, ताई."

"रोज तर घेतोस! तुझी आई कुठंय? बोलव तिला."

पेईची आई लांब शानतुंग प्रांतात होती आणि तिचा या धंद्याशी संबंध नव्हता. तो मान खाली घालून तवा पुसू लागला. यून्फांगनं अंडं परत मुठीत घेतलं. "राहू दे. मी घरी करते," असं म्हणून ती वळली, चौदा नंबरशी आली, दोरी वर उचलली आणि वाकून आत गेली.

देशुन स्टुलावरून उठेपर्यंत समिती दाराशी पोचली होती. तो दोरीच्या अलीकडे राहिला. नियमामुळे नव्हे. पाय उचललाच गेला नाही.

आत यून्फांग डाव्या कोपऱ्यात गेली. तिथं कपाट होतं. तिनं कपाटाला हात लावून पाहिला. चूल उजव्या कोपऱ्यात होती. "चूल डावीकडे होती," असं देशुननं चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, तेव्हा त्याला उत्तर मिळालं होतं, की नकाशा तज्ज्ञांनी पास केलेला आहे. मग ती भिंतीवरच्या फोटोकडे वळली. फोटोत सात माणसं होती. खाली पाटी: 'मूळ रहिवासी कुटुंब'. तो फोटो जुन्या बाजारातून आणला होता. ती माणसं कोण, कुठली, कोणालाच ठाऊक नव्हतं.

यून्फांगनं एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं. तिकिटं मोजावीत तसं.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "आपल्या घरात ही कोण माणसं आहेत? आपली चूल कुठं गेली? अरे, आपण चुकीच्या थांब्यावर उतरलो. चल ना, घरी जाऊ."

आणि ती रडू लागली. अंडं तिच्या मुठीतच होतं.

मग अध्यक्षांनी थर्मास काखेत धरला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चौघांनी त्यांचं अनुकरण केलं, पर्यटकांनी त्या चौघांचं. समितीतल्या एका बाईनं डोळे पुसले. "गेल्या दहा वर्षांत," अध्यक्ष रुआनबाईंना म्हणाले, "इतकं अस्सल काही पाहिलं नाही. हे रोज असतं ना?"

"रोज दोनदा," रुआनबाई म्हणाल्या. "अकराला आणि चारला."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांचा चेहरा उतरला, हे देशुननं पाहिलं. पण ते गेलं होतं.

समिती पुढच्या चहाला गेल्यावर त्या धावत आल्या. देशुन दोरी ओलांडून आत गेला होता आणि बायकोला धरून मांडलेल्या पलंगावर बसला होता. रुआनबाईंनी नियम काढला नाही.

"मूकाका, ऐका. ताईंना वेगळा बिल्ला काढते. क्रमांक चार. बसायला गादी, दुपारचं जेवण. फक्त दोनदा. आणि..." त्या अडखळल्या. "वाईट वाटून घेऊ नका, पण ताईंच्या लक्षात तर राहत नाही."

"माझ्या राहतं," देशुन म्हणाला.

"माझ्या आजीचंही घर असंच गेलं, काका. मला समजतं."

"मग सांगा, रुआनताई. हिचं घर मी हिला रोज दोनदा हरवायला लावू?"

रुआनबाईंनी वर घड्याळाकडे पाहिलं. भिंतीवर दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तुम्ही नाही म्हणालात," त्या शेवटी हळूच म्हणाल्या, "तर मला क्रमांक दोनला इथं आणावं लागेल. त्याची बायको करेल. उद्यापासून. मी शब्द दिलाय."

"करू दे."

"चौदा नंबरला एकच जोडपं मंजूर आहे, काका."

"कळलं."

देशुननं गळ्यातला बिल्ला काढला. बनियन उतरवून त्याची नीट घडी घातली, वर पंखा ठेवला आणि स्वतःचा सदरा चढवला. उद्या सकाळी यून्फांग तेविसाव्या मजल्यावरच्या दाराशी उभी राहणार आणि म्हणणार, चल घरी. तिला कुठं न्यायचं, हे आता त्याला ठाऊक नव्हतं.

"काका," रुआनबाई वही उघडून म्हणाल्या. त्या वर बघत नव्हत्या. "ताई नेमकं काय म्हणाल्या, ते सांगाल? क्रमांक दोनच्या बायकोला पाठ करायला लागेल."

देशुननं त्यांच्या वहीकडे पाहिलं. मग त्यानं सांगितलं. एकेक शब्द, थांबत थांबत, कारखान्यात पुर्जे मोजून द्यायचा तसा. "'आपली चूल कुठं गेली', हे डावीकडे बघून म्हणायचं," तो म्हणाला. "लिहा. डावीकडे. चूल डावीकडे होती."

रुआनबाईंनी लिहिलं. 'डावीकडे'खाली रेघ मारली.

"तुमच्यासाठी काही करू शकते का, काका? काहीही सांगा."

देशुननं यून्फांगला उठवलं. तिनं डोळे पुसले होते. आपण का रडलो हे ती विसरली होती, भूक मात्र लक्षात होती. मूठ पुढे धरून ती दाराकडे निघाली.

"पेईला तेवढं सांगा," देशुन म्हणाला, "की आज हिचं अंडं घाल. खरोखरचं. आणि एकोणीस दिवसांचं आहे, तेव्हा तव्यावर टाकण्याआधी वाटीत फोडून जरा वास घेऊन बघ म्हणावं."